मोहरीचे रिबीट

पूर्णेत, लोको शेडच्या जुन्या भिंतीमागं
दीड गुंठ्यात आमचं घर,
आणि मागच्या अंगणात, माझ्या मेथीच्या वाफ्यातून
हे रूळ टाकायलेत.

रूळ म्हणजे पडद्याच्या पट्ट्या.
इंजिन म्हणजे बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरची मोटार,
वर करडीच्या तेलाचा डबा कापून टोप.
ते चालतं. चालतं म्हणजे सरकतं,
पुढं सरड्यानं मान वर केली की थांबतं.
पण ह्यांचं लक्ष गाडीवर नाहीच.
ह्यांना पूल पाहिजे.

नाव घेत नाही मी;
पगाराच्या कागदावर मुंजाजी लिहिलेलं असायचं.
छत्तीस वर्षं पुलाच्या गँगमध्ये,
महिन्यातले वीस दिवस सायडिंगला लावलेल्या डब्यात,
कधी वसमतकडं, कधी गंगाखेडकडं, कधी नुसतंच ‘लाइनीवर’.
घरी यायचे तेव्हा नखांत लाल रंग
आणि तिन्ही लेकरांचे सदरे आखूड झालेले.
मी त्यांचा एकही पूल पाहिला नाही.
म्हणजे गाडीतून गेले वरून,
पण गाडीतून पूल दिसत नाही, नदी दिसते.

आता बघा.
छत्रीच्या काड्या गेल्या. सायकलचे आरे गेले.
नातवाच्या कुल्फीच्या काड्या धुऊन, वाळवून, मोजून घेतल्या.
मोरीचं पाणी जिथून अळूकडं जातं
तिथं सव्वादोन हातांचा गर्डर उभा राहिला,
आणि मी भांडी घासली की पुलाखालून पूर जातो,
भाताची शितं घेऊन.

मग म्हणाले, रिबीट पाहिजेत.
रिबिटाशिवाय पूल म्हणजे शिडी.
आधी बाजरी चिकटवली, चिमट्यानं, दाणा दाणा,
आठ दिवस.
नवव्या दिवशी चिमण्यांनी पूल खाल्ला.
मी हसले. ते नाही हसले.
मग मोहरी, माझ्या मिसळणाच्या डब्यातली,
वरून लाल रंग, त्यावर चंदेरी.
त्या दिवशी वरणाला फोडणी नाही.

एका टोकाला दोन बॉलपेनच्या नळ्या आडव्या ठेवल्या,
गर्डर त्यांवर नुसता टेकवला.
“ही बाजू काऊन बांधली नाही?”
“नसते बांधायची. एक पक्की, एक सुटी.
वैशाखात लोखंड वाढतं. दोन्हीकडून आवळलं
तर पूल कमान काढतो, नाहीतर दगड फोडतो.”
मी म्हणलं, हे छत्तीस वर्षांनी सांगायलात?
ते नळी पुसत राहिले.

“वरवंटा आण.”
“माझा?”
“आण की.”
पुलाच्या पोटाला सुई बांधली, सुईमागं पोस्टकार्ड उभं केलं.
वरवंटा ठेवला. पूल कुरकुरला,
सुई तांदळाएवढी खाली आली.
माझा हात पुढं गेला, तो त्यांनी धरला.
“वाकू दे. वाकायलाच पाहिजे.
वजन काढल्यावर परत येतो का, ते बघायचं.”
वरवंटा मी उचलला. सुई वर गेली,
सगळी नाही; केसभर खाली राहिली.
“चालतंय,” म्हणाले. “पहिल्या वजनाला बसतो थोडा. मग नाही बसत.”
हात अजून धरलेला होता. वरवंटा जड होता, दुसऱ्या हातात.

दुपारी ते झोपतात, तोंडावर टॉवेल टाकून.
मी पळीनं पूल वाजवते,
ते लाइनीवर हातोडीनं वाजवायचे म्हणे, तसा.
मोहरी काय वाजणार.
तरी तिसऱ्या खणात, डावीकडं,
एक दाणा निसटलाय, हे बोटाला कळलं.
खाली अळूच्या चिखलात दोन पानं फुटलीत,
त्याचीच असतील. उपटली नाहीत.

चिमूटभर कणीक भिजवली,
डब्यातला नवा दाणा लावला, फुंकर घातली.
रंग कुठं ठेवतात, मला माहीत नाही.
चंदेरी पुलावर एक काळा ठिपका.

संध्याकाळी दिसेल त्यांना.
दिसू दे.